जेथे लोखंडाला मज्जाव आहे

मुंबईच्या दक्षिणेस, समुद्राच्या काठी, अलिबाग हे गाव वसलेले आहे. ओहोटी लागली म्हणजे तेथील किनाऱ्यावरून पायी चालत कुलाबा किल्ल्यात जाता येते. हा जलदुर्ग पाहण्यासाठी दूरदूरचे लोक अलिबागेस येतात. परंतु त्याच गावात एक घर असे आहे, की त्याच्याकडे येणाऱ्याजाणाऱ्याचे सहसा लक्षही जात नाही. जगातील शास्त्रज्ञांना मात्र त्या घराचे नाव चांगले परिचित आहे. ते घर म्हणजे अलिबागची चुंबकीय वेधशाळा होय.

साधे घर बांधावयाचे म्हटले तरी त्याला लोखंड किती लागते! खिळे लागतात, बिजागऱ्या लागतात, कड्या-कोयंडे लागतात, खिडक्यांना गज लागतात. या वेधशाळेच्या घराला मात्र लोखंडाची सावलीही सहन होत नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ते बांधले गेले, तेव्हा लोखंडाला तेथे मज्जाव करण्यात आला. जेथे धातूवाचून चालणारच नव्हते, तेथे तांबे, पितळ यांसारखे धातू वापरले. भिंतींसाठी दगडही पारखून घेतला.

लोखंडाचा एवढा विटाळ या घराला का असावा? एका लहानशा सुईसाठी. ती सुई कोणती आणि तिला इतके जपण्याचे कारण काय, हे कळावयास प्रथम लोहचुंबकाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे.

लोहचुंबकाची ओळख माणसाला फार जुनी आहे. निसर्गात एक काळसर, जड दगड सापडतो. लोखंडाची टाचणी जवळ नेली, की तो तिला आपल्याकडे ओढून घेतो. या खनिजाचे नाव मॅग्नेटाइट. लोखंड आणि प्राणवायू यांच्या संयोगाने ते बनलेले असते. मॅग्नेशिया नावाच्या एका प्राचीन प्रदेशावरून ग्रीक लोकांनी या दगडाला नाव दिले, असे मानतात. आपल्याकडे संस्कृतात त्याला ‘अयस्कांत’ असे सुंदर नाव आहे. अयस् म्हणजे लोखंड. लोखंडाला जो प्रिय, तो अयस्कांत. चिनी लोकांनी या दगडाचा आणखी एक गुण हेरला. त्यावर घासलेली सुई मोकळी टांगली, तर ती दिशा दाखविते. शेन क्वो नावाच्या चिनी विद्वानाने इसवी सन १०८८ च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात अशा सुईचे वर्णन केलेले आहे.

लोहचुंबक कोणकोणत्या पदार्थांना ओढतो? याचे उत्तर ग्रंथात शोधण्यापूर्वी घरातच शोधावे. एक चुंबक घेऊन स्वयंपाकघरात फिरावे. लोखंडी तवा, कढई, विळीचे पाते, चिमटा यांना तो घट्ट चिकटतो. तांब्याचा हंडा, पितळेची समई, ॲल्युमिनियमचे पातेले, लाकडी पोळपाट, काचेची बरणी, मातीचे मडके यांचे त्याला काहीच वाटत नाही. ज्यांना चुंबक ओढतो, त्यांना चुंबकीय पदार्थ म्हणतात आणि ज्यांना ओढत नाही, त्यांना अचुंबकीय पदार्थ म्हणतात. नेहमीच्या तापमानात चुंबकाने जोराने ओढले जाणारे, परिचयाचे शुद्ध धातू तीनच आहेत: लोखंड, निकेल आणि कोबाल्ट. पोलादासारखे अनेक मिश्रधातूही त्यांच्या पंक्तीला बसतात.

परंतु येथे घाई करून चालत नाही. स्वयंपाकघरातील पुष्कळशी स्टेनलेस स्टीलची ताटे-वाट्या चुंबकाला मुळीच दाद देत नाहीत, किंवा दिली तरी फारच थोडी देतात. वास्तविक त्यांत अर्ध्याहून अधिक भाग लोखंडच असते. पण त्यात क्रोमियम आणि निकेल हे धातू ठराविक प्रमाणात मिसळले, की लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि त्याचा चुंबकीय गुण लोपतो. पूर्वी प्रचारात असलेल्या तांबे-निकेलच्या नाण्यांचीही हीच गोष्ट. त्यांत चौथा हिस्सा निकेल असे, तरी चुंबक त्यांना ओढीत नसे. उलट, आज हातात येणारे एक रुपयाचे नाणे विशेष प्रकारच्या स्टेनलेस स्टीलचे असल्यामुळे चटकन चुंबकाला चिकटते. म्हणून पदार्थ चुंबकीय आहे की नाही, हे त्याच्या नावावरून किंवा रंगरूपावरून ठरवू नये. ते चुंबकालाच विचारावे.

आता चुंबकाकडे वळू या. एक पट्टीचुंबक लोखंडाच्या किसात लोळवून वर उचलावा. कीस सर्वत्र सारखा चिकटत नाही. दोन्ही टोकांशी त्याचे दाट झुबके लोंबतात आणि मध्यभाग जवळजवळ उघडा राहतो. याचा अर्थ चुंबकाची शक्ती त्याच्या दोन टोकांशी एकवटलेली असते. या टोकांना चुंबकाचे ध्रुव म्हणतात. पट्टीचुंबकाच्या बरोबर मध्यावर दोरा बांधून तो लाकडी खुंटीला मोकळा टांगला, तर तो काही वेळ झुलतो आणि अखेर दक्षिणोत्तर स्थिर होतो. कितीही वेळा फिरवून सोडला, तरी तेच टोक पुन्हा उत्तरेकडे वळते. उत्तरेकडे वळणारे टोक म्हणजे चुंबकाचा उत्तर ध्रुव आणि दक्षिणेकडे वळणारे टोक म्हणजे दक्षिण ध्रुव.

टांगलेल्या चुंबकाच्या उत्तर ध्रुवाजवळ दुसऱ्या चुंबकाचा उत्तर ध्रुव नेला, तर तो दूर पळतो. दक्षिण ध्रुव नेला, तर जवळ येतो. सजातीय ध्रुव एकमेकांना दूर लोटतात. याला प्रतिसारण म्हणतात. विजातीय ध्रुव एकमेकांना ओढून घेतात. याला आकर्षण म्हणतात. हा नियम लहान आहे, पण त्यातून एक मार्मिक गोष्ट निघते. समजा, लोखंडाच्या दोन सारख्या कांड्या आहेत आणि त्यांतील एक चुंबक आहे की नाही, ते ओळखावयाचे आहे. ओळखीचा चुंबक जवळ नेला आणि कांडी ओढली गेली, तर काय सिद्ध झाले? काहीच नाही. कारण साधे लोखंडही ओढले जाते आणि चुंबकाचा विजातीय ध्रुवही ओढला जातो. परंतु ती कांडी कोणत्याही एका टोकाशी दूर लोटली गेली, तर मात्र ती निःसंशय चुंबक होय. साधे लोखंड चुंबकाला कधी दूर लोटीत नाही. चुंबकाची खरी कसोटी आकर्षण नव्हे, प्रतिसारण ही आहे.

दोन ध्रुव एकमेकांपासून वेगळे करता येतील काय? शिवणाची एक सुई घ्यावी. चुंबकाचा एकच ध्रुव तिच्यावर नाकाकडून टोकाकडे, एकाच दिशेने, तीस-चाळीस वेळा फिरवावा. परत येताना चुंबक उचलून आणावा. सुई चुंबक बनते. आता ती पकडीने मधोमध मोडावी. तोंडापुढे हात धरून हे काम वडील माणसाच्या मदतीने करावे. एका तुकड्यात केवळ उत्तर ध्रुव आणि दुसऱ्यात केवळ दक्षिण ध्रुव सापडेल, असे वाटते; पण तसे होत नाही. प्रत्येक तुकडा पूर्ण चुंबक होतो. मोडलेल्या जागी नवे ध्रुव प्रकट होतात. तुकड्याचा तुकडा केला, तरी हाच अनुभव येतो. एकाच ध्रुवाचा चुंबक आजवर कोणालाही सापडलेला नाही.

असे का व्हावे, याचा उलगडा लोखंडाच्या अंतरंगात आहे. लोखंडाचा प्रत्येक अणू हाच एक इवलासा चुंबक असतो. शेजारचे अणू एका दिशेला तोंड करून राहतात आणि त्यांचे लहान लहान समूह बनतात. ही कल्पना पिएर वाइस या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये मांडली. मधल्या सुट्टीतील शाळेचे पटांगण डोळ्यांपुढे आणावे. मुलांचे घोळके उभे आहेत. एका घोळक्याचे तोंड विहिरीकडे, दुसऱ्याचे फाटकाकडे, तिसऱ्याचे झाडाकडे. साध्या लोखंडातील समूह असेच असतात. एकाचा जोर दुसऱ्याने नाहीसा केला जातो आणि बाहेर काहीच जाणवत नाही. कवायतीची शिट्टी झाली, की सारी मुले एका दिशेला तोंड करून रांगा धरतात. सुईवर चुंबक फिरविणे म्हणजे ही शिट्टी होय. रांग मधेच तोडली, तरी प्रत्येक तुकडीला पुढचा आणि मागचा भाग राहतोच. म्हणून मोडलेल्या सुईलाही दोन ध्रुव राहतात.

ही शिस्त मोडताही येते. चुंबक वरचेवर आपटला किंवा हातोडीने ठोकला, तर त्याची शक्ती घटते. खूप तापविला तर ती पार जाते. लोखंडाच्या बाबतीत ही मर्यादा सुमारे ७७० अंश सेल्सिअस आहे. त्याहून अधिक तापलेले, लालबुंद लोखंड चुंबकाने ओढलेही जात नाही. म्हणून प्रयोगशाळेत पट्टीचुंबक जोडीने ठेवतात. एकाचा उत्तर ध्रुव दुसऱ्याच्या दक्षिण ध्रुवाशेजारी येईल अशी त्यांची मांडणी करतात आणि दोन्ही टोकांशी नरम लोखंडाचे तुकडे लावतात. त्यामुळे त्यांची शक्ती टिकते.

एक प्रश्न मात्र उरलाच. मोकळी टांगलेली सुई दक्षिणोत्तरच का राहते? तिला कोण वळविते? पुष्कळ काळ लोकांना वाटे, की आकाशातील ध्रुवतारा तिला ओढतो. कोणी म्हणत, उत्तरेकडे लोहचुंबकाचा मोठा डोंगर असावा. इंग्लंडमधील विल्यम गिल्बर्ट या वैद्याने अशा ऐकीव गोष्टींवर विसंबावयाचे नाही असे ठरविले. लसूण चोळला म्हणजे चुंबकाची शक्ती जाते, अशी समजूत त्या काळी युरोपात होती. हिऱ्यावर घासलेले लोखंड उत्तरेकडे वळते, असेही काही विद्वान लिहून गेले होते. गिल्बर्टने पंचाहत्तर हिरे घेतले, साक्षीदारांसमोर प्रयोग केले आणि हे म्हणणे खोटे ठरविले. मग त्याने चुंबकपाषाणाचा एक गोळा घडविला आणि त्यावर ठिकठिकाणी लहानशी सुई धरून पाहिली. पृथ्वीवर होकायंत्राची सुई जशी वागते, तशीच ती गोळ्यावर वागली. १६०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात गिल्बर्टने निष्कर्ष मांडला, की पृथ्वी हाच एक प्रचंड चुंबक आहे.

येथे एक गंमत लक्षात येते. सुईचा उत्तर ध्रुव उत्तरेकडे ओढला जातो, आणि आकर्षण तर विजातीय ध्रुवांतच होते. तेव्हा पृथ्वीच्या उत्तर भागात जो चुंबकीय ध्रुव आहे, तो गुणाने दक्षिण ध्रुव असला पाहिजे. तसा तो आहेच. केवळ उत्तरेकडे असल्यामुळे त्याला व्यवहारात उत्तर चुंबकीय ध्रुव म्हणतात.

पृथ्वीच्या पोटात लोहचुंबकाची कांब पुरलेली आहे, असे मात्र कोणी समजू नये. तेथील उष्णता इतकी आहे, की तेथे चुंबकाची कांब चुंबक राहूच शकणार नाही. सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर वितळलेल्या लोखंडाचा जणू एक समुद्रच आहे. तो सतत हलत असतो, त्यात विजेचे प्रवाह वाहतात आणि त्या प्रवाहांतून पृथ्वीचे चुंबकत्व निर्माण होते. हलणाऱ्या द्रवातून निर्माण होणारे हे चुंबकत्व अचल कसे असेल? जेम्स क्लार्क रॉस हा दर्यावर्दी १८३१ मध्ये उत्तर चुंबकीय ध्रुवापाशी पोहोचला, तेव्हा तो कॅनडाच्या उत्तरेकडील बेटांच्या प्रदेशात होता. त्यानंतर सरकत सरकत तो सैबेरियाच्या बाजूला गेला आहे. म्हणूनच होकायंत्राची सुई बहुतेक ठिकाणी अगदी खऱ्या उत्तरेकडे नसते. ती थोडी बाजूला असते. मुंबईच्या परिसरात हा फरक आज एका अंशाहूनही कमी आहे. अन्यत्र तो पुष्कळ असतो आणि काळानुसार बदलत जातो. समुद्रावरील नावाड्याला तो माहीत नसेल, तर जहाज भलत्याच किनाऱ्याला लागावयाचे.

हा बदल मोजावयाचा कसा? एके दिवशी सुई पाहून काही समजत नाही. तीच सुई, त्याच जागी, रोज, वर्षानुवर्षे पाहावी लागते. या कामासाठी जगात ठिकठिकाणी चुंबकीय वेधशाळा स्थापन झाल्या. त्यांतील एक मुंबईच्या कुलाब्यास होती. कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये निघाली. ताऱ्यांचे वेध घेणे आणि जहाजांना अचूक वेळ कळविणे, हे तिचे मूळ काम. १८४१ मध्ये तेथे चुंबकीय वेधही घेतले जाऊ लागले आणि १८४६ पासूनची त्यांची नियमित नोंद उपलब्ध आहे.

त्या वेळी सुईची हालचाल आपोआप टिपून घेणारे यंत्र तेथे नव्हते. वेधकऱ्याने स्वतः यंत्राजवळ जावे, डोळ्यांनी आकडा वाचावा आणि वहीत लिहावा, असा क्रम होता. तासातासाला ही नोंद होई, आणि सुई अस्वस्थ दिसली तर त्याहूनही लवकर लवकर होई. उन्हाळा असो, पावसाळा असो, त्यात खंड पडू द्यावयाचा नाही. आज लिहिलेला आकडा कोणाच्या उपयोगी पडणार, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसे.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हा ज्योतिषी दुर्बिणीतून सूर्यावरील डाग पाहत होता. एकाएकी त्या डागांजवळ लखलखीत प्रकाश चमकला आणि काही मिनिटांत विझला. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ उठले. हे वादळ वाऱ्याचे नसते. सूर्यापासून सुटलेले विद्युत्‌भारित कण पृथ्वीजवळ येऊन आदळतात आणि पृथ्वीचे चुंबकत्व डळमळू लागते. त्या दिवशी युरोप-अमेरिकेतील तारायंत्रे बिघडली. काही ठिकाणी तर तारांत आपोआप इतकी वीज खेळू लागली, की बॅटरी काढून टाकल्यावरही संदेश जात राहिले. मुंबईत कुलाब्याच्या वेधकऱ्यांनी आपल्या रीतीप्रमाणे सुईकडे पाहिले आणि आकडे लिहिले. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा जमिनीला समांतर असलेला जोर शंभरात सुमारे चार भाग इतका उतरला होता. एवढी घट विलक्षणच म्हणावयाची.

त्या आकड्यांचे मोल पुढे कळले. दीडशे वर्षे होत आली, तेव्हा शास्त्रज्ञांनी कुलाब्याच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. त्या वादळाचा खरा जोर किती होता, याचा अंदाज करण्यासाठी त्यांना त्या नोंदींचा आधार मिळाला. २००३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. अशा वादळाचे भय आज अधिक आहे. मार्च १९८९ मध्ये त्याहून पुष्कळ सौम्य वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा सुमारे नऊ तास बंद पाडला आणि साठ लाख लोक अंधारात राहिले. पुन्हा मोठे वादळ आले तर काय काय होऊ शकेल, याचा विचार करताना १८५९ सालच्या त्या वहीचा उपयोग होतो.

परंतु कुलाब्यातील या कामावर एक संकट आले, आणि ते आले एका चांगल्या सुधारणेच्या रूपाने. मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्रामगाड्या धावत असत. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या जागी विजेच्या ट्राम आणण्याचे घाटत होते. लोकांची मोठी सोय होणार होती, घोड्यांचे कष्ट वाचणार होते. मग सुईला त्याचे भय का? याचे उत्तर डेन्मार्कमधील हान्स क्रिस्टियन अर्स्टेड या प्राध्यापकाने १८२० मध्येच शोधले होते. तारेतून विजेचा प्रवाह सोडताच जवळची चुंबकसूची वळते, हे त्याला आढळून आले. जेथे विजेचा प्रवाह, तेथे चुंबकत्व. ट्रामचा प्रवाह वरच्या तारेतून यावयाचा आणि रुळांतून व जमिनीतून परत जावयाचा. ट्राम निघाली, थांबली, वळली, की तो कमीजास्त होणार. मग कुलाब्याची सुई हलली, तर ती पृथ्वीमुळे हलली, सूर्यामुळे हलली की ट्राममुळे, हे कोण सांगणार? खोटे बोलणाऱ्या साक्षीदारापेक्षा साक्षीदार नसलेला बरा. साठ वर्षांची अखंड नोंद तेथेच संपली असती.

त्या वेळी नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस हे कुलाबा वेधशाळेचे संचालक होते. या पदावर आलेले ते पहिलेच भारतीय. शहराची सुधारणा अडवून धरता येत नव्हती आणि वेधांची माला तुटू देणेही योग्य नव्हते. तेव्हा चुंबकीय वेधांसाठी विजेच्या ट्रामपासून दूर, निवांत जागा शोधण्यात आली. मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे तीस किलोमीटरवरील अलिबाग पसंत पडले. त्या काळी अलिबाग हे कुलाबा जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते. याच जिल्ह्याला १९८१ पासून रायगड जिल्हा म्हणतात. मुंबईच्या कुलाब्यातील सुई अशा रीतीने दुसऱ्या कुलाब्यात गेली.

तेथे बांधावयाच्या घराची कथा आता सहज समजेल. सुईजवळ लोखंडाचा खिळा असला, तर ती पृथ्वीऐवजी खिळ्याचे ऐकू लागेल. म्हणून लोखंड नको. पण दगडाचे काय? सह्याद्रीचा काळा पाषाण फार पूर्वी ज्वालामुखीच्या तप्त रसापासून बनलेला आहे आणि त्यात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. कोकणच्या कित्येक किनाऱ्यांवरील वाळूत चुंबक फिरविला, तर त्याला काळ्या कणांची दाढी फुटते, ती याच कुळातली. असा दगड सुईच्या घराला चालण्यासारखा नव्हता. म्हणून चुंबकाला न मानणारा पोरबंदरचा दगड निवडून आणण्यात आला. अशा घरात काम करणाऱ्यालाही काळजी घ्यावी लागते. किल्ल्यांचा जुडगा, चाकू, लोखंडी चकती असलेला पट्टा बाहेर ठेवूनच आत जावे लागते.

घर तयार झाले. पण मूस यांनी कुलाब्याची सुई लगेच थांबविली नाही. घरात नवे घड्याळ आणले आणि जुने त्याच क्षणी बंद केले, तर दोघांत किती मिनिटांचा फरक होता, ते कधीच कळणार नाही. काही दिवस दोन्ही शेजारी चालवावी, फरक पाहावा आणि मग जुन्याला विश्रांती द्यावी, हे शहाणपणाचे. जागा बदलली की पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आकडाही थोडा बदलतो. म्हणून १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले गेले. दोहोंतील फरक समजला आणि जुन्या मालेला नवी माला बिनचूक सांधता आली. त्यानंतर कुलाब्याचे चुंबकीय वेध थांबले. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. लोकांना ट्राम मिळाली आणि सुईलाही आपली जागा मिळाली. पुढे १८४६ ते १९०५ या साठ वर्षांतील कुलाब्याच्या वेधांचा सविस्तर अभ्यास मूस यांनी १९१० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केला.

ज्या ट्रामसाठी सुईला घर सोडावे लागले, ती ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी कायमची थांबली. आज मुंबईच्या रस्त्यांवर ती दिसत नाही. अलिबागची वेधशाळा मात्र चालू आहे. १९७१ पासून भारतीय भूचुंबकत्व संस्था तिचा कारभार पाहते. यंत्रे बदलली, वह्यांच्या जागी संगणक आले. परंतु कुलाब्यात सुरू झालेली ती नोंद अजून तुटलेली नाही. जगातील अत्यंत दीर्घ अशा चुंबकीय नोंदींत तिची गणना होते.

एक लहानसा प्रयोग घरी करून पाहण्यासारखा आहे. सुई चुंबकावर घासावी, वाळलेल्या पानाच्या तुकड्यावर ठेवावी आणि पान पाण्यावर अलगद सोडावे. भांडे पितळेचे किंवा काचेचे असावे, लोखंडाचे नसावे. आसपास चाकू, कात्री, मोबाइल फोन काही नसावे. पान हळूहळू वळते आणि थांबते. आपल्या पायांखाली हजारो किलोमीटर खोल उसळणाऱ्या लोखंडाचा निरोप ती सुई सांगत असते. तो निरोप फार हळू आवाजातला आहे. साधा शाळेतील चुंबकही आपल्या टोकाशी पृथ्वीच्या शंभरपट जोराने बोलतो. हळू आवाज ऐकावयाचा असेल, तर भोवतालचा गलबला दूर ठेवावा लागतो. अलिबागच्या घराने लोखंडाला दाराबाहेर ठेवले, ते यासाठीच.